टाचेचे चार स्क्रू

मिस्त्रीणीच्या एकाही नखाला उभ्या आयुष्यात रंग लागला नव्हता, पण लाल नेलपॉलिशच्या पाच-सहा बाटल्या ती दर हिवाळ्यात सहज संपवायची. दुकानातली विक्रेती बिचारी दर वेळी विचारायची, "हाच रंग? जरा फिकट दाखवू का, तुमच्या हाताला खुलेल." त्यावर ही म्हणायची, "हाताला नको हो, स्क्रूला खुलला पाहिजे."

गावातल्या स्कीच्या दुकानाखाली, तळघरात, तिचं कामाचं टेबल होतं. चोवीस वर्षं ती तिथे एकच काम करत आली होती. बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडी बसवायच्या. प्रत्येक स्कीला दोन पकडी, एक बोटांपाशी, एक टाचेपाशी. प्रत्येक पकडीला चार स्क्रू. स्की असून असून किती जाड असणार, अंगठ्याएवढी. भोक जरा खोल गेलं की तळातून बाहेर, जरा उथळ राहिलं की स्क्रू धरत नाही. आधी स्क्रू कोरडेच बसवून पकड सरळ आली की नाही ते बघायचं. मग एकेक काढून भोकात गोंदाचा थेंब, पुन्हा स्क्रू, आणि शेवटचा पाव फेरा हाताने. मनगटाला 'बास' असं कळलं की स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका. ठिपका नसलेली स्की तिच्या टेबलावरून कधी उठली नव्हती.

टेबलामागच्या भिंतीला तिने पाटी लावली होती: 'स्क्रू बसवताना माझ्याशी बोलू नये.' एका गिऱ्हाइकाच्या मनाला ती लागली, तेव्हा मालकांनी वर जाड अक्षरात 'कृपया' घुसडलं. बाकी पाटी तशीच राहिली, आणि पाटीचा धाकही.

नावाने तिला कुणी हाक मारत नसे. सगळ्यांची ती मिस्त्रीण. "पदवी घेतली, शाळेत शिकवायला निघाली, एका हिवाळ्यापुरती म्हणून तळघरात उतरली, ती वर आलीच नाही," असं तिची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत. भला माणूस, पण त्याच्या गिर्यारोहणाची हद्द म्हणजे घराची गच्ची. आणि एकोणीस वर्षांची लेक, जिच्या पायात आईने तिसऱ्या वर्षी स्वतःच्या हाताने स्की चढवल्या आणि तेव्हापासून जिच्या काळजीने ती अर्धी झाली होती.

राहिली भोंगा. भोंगा ही कॉलेजात एका बाकावर बसणारी मैत्रीण. देव तिला घसा देताना माप विसरला असावा. वर्गात कुजबुजली तरी गेटवरच्या शिपायाला कळायचं. आता ती शाळेची बस चालवत होती. बत्तीस पोरं मागे गोंधळ घालत असताना हिने एकदा "बसा!" म्हटलं की शेजारच्या गाडीतलेही सीटबेल्ट लावत. लग्न केलं नाही, कारण ऐकून घेणारा सापडला नाही, असं ती स्वतःच सांगे. दोघींच्या पावलांचं माप मात्र तंतोतंत एक. एकीच्या लग्नात दुसरीचे सँडल, एकीच्या मुलाखतीला दुसरीचे बूट, असंच चालत आलेलं. स्कीचे बूटसुद्धा दोघींनी एका दिवशी, एका मापाचे घेतले होते.

तळघराची खिडकी रस्त्याच्या पातळीला होती. तीतून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय दिसत. पण कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलं की पायांच्या वर, दोन इमारतींच्या फटीत, गावामागचं शिखर दिसे आणि त्याच्या अंगावरून थेट खाली आलेला पांढरा उतार. बावीस वर्षांच्या असताना दोघींनी ठरवलं होतं, एकदा वर चढायचं आणि त्या उतारावरून वळणं घेत खाली यायचं. मग एकीचं लग्न झालं, लेक झाली, दुसरीच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. यंदा भोंगा म्हणाली, "आता गेलो तर गेलो. नाहीतर मग काठी टेकत पायथ्याला फोटो काढायचे." शनिवार ठरला.

गुरुवारी संध्याकाळी शाळेची शेवटची फेरी संपवून भोंगा थेट तळघरात आली आणि स्टुलावर बसली. तिच्या जुन्या स्की मोडीत निघाल्या होत्या. पकडी काढून दुसऱ्या जोडीवर चढवायच्या होत्या. उजवी स्की झाली होती. डावीची पुढची पकडही झाली होती. टाचेच्या पकडीचे चार स्क्रू मिस्त्रीणीने नुकतेच कोरडे बसवले होते.

"एक सांगू?"

मिस्त्रीणीने मान न उचलता पाटीकडे बोट केलं.

"ती गिऱ्हाइकांसाठी आहे."

"आणि तू कोण?"

"मी फुकटी. ऐक ना. तुझ्या लेकीने सांगायला लावलंय. तिची स्वतःची छाती होत नाही."

मिस्त्रीणीचा हात थांबला.

"डोंगरातल्या बचाव पथकात चाललीय ती. निवड झाली. पुढच्या महिन्यापासून प्रशिक्षण." भोंगाने एका दमात सांगून टाकलं आणि मग दम घेतला.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"झाले पंधरा दिवस."

"पंधरा दिवस! तुझ्या तोंडात पंधरा मिनिटं काही राहत नाही, आणि हे बरं राहिलं!"

"म्हटलं, तुझे हात गुंतलेले असताना सांगावं. हात गुंतले की तू ओरडत नाहीस."

हा अंदाज साफ चुकला. मिस्त्रीणीने पेचकस टाकला, मागच्या दाराने बाहेर गेली आणि कचऱ्याच्या डब्यांपाशी उभी राहून लेकीला फोन लावला. वीस मिनिटं तिथली मांजरंसुद्धा लांब बसून ऐकत होती.

"माणसं मरतात तिथे, ते पुरे नाही का? त्यांना आणायला तूच जायला पाहिजेस?"

"आई, शनिवारी तू कुठे चाललीयस?"

"माझं वेगळं आहे!"

"काय वेगळं आहे?"

तिने फोन ठेवला.

ती आत आली. टेबलावर स्की होती, स्कीवर पकड होती, पकडीत चार स्क्रू होते. तिने बूट लावून पाहिला, टाच खटकन बसली. पडल्यावर बूट किती जोराला सुटावा त्याचे आकडे भोंगाच्या वजनाप्रमाणे लावले. नेलपॉलिशची बाटली उघडी पडली होती, तिचं झाकण लावलं. "घे आणि जा," म्हणाली. भोंगा स्की खांद्यावर टाकून मुकाट्याने गेली.

टाचेचे ते चार स्क्रू कोरडेच राहिले. गोंद नाही, हाताचा पाव फेरा नाही, ठिपका नाही.

शनिवारी पहाटे गाडी रस्त्याच्या टोकाला लावून दोघी निघाल्या. सुरुवातीचे तीन तास चढ तसा बेताचा होता. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवल्या की त्या पुढे सरकतात, मागे घसरत नाहीत. चढताना बुटाची फक्त बोटं पकडीत असतात, टाच मोकळी. पाऊल उचललं की टाच वर, टेकलं की टाचेच्या पकडीवरच्या ठोकळ्यावर खाली. टक, टक. भोंगाच्या प्रत्येक पावलाला तिचं सगळं वजन त्या चार कोरड्या स्क्रूंवर येत होतं, आणि प्रत्येक वेळी ते केसभर हलत होते. तीन तासांत अशी किती पावलं झाली असतील, देव जाणे.

मिस्त्रीण पुढे होती. मागून येणारा आवाज तिच्या कानावर पडत होता. उजव्या पायाची टक खणखणीत, डाव्या पायाची जराशी बद्द. बर्फ अडकला असेल, असं वाटून तिने लक्ष दिलं नाही. एरवी तिने वळून पाहिलं असतं. पण वळायचं म्हणजे भोंगाशी बोलायला लागलं असतं, आणि तिने तर अबोला धरला होता.

मोठा उतार सुरू झाला तिथे दोघींनी स्की पाठीवर बांधल्या, बुटांना लोखंडी दातांचे सांगाडे चढवले, हातात बर्फाची कुऱ्हाड घेतली. उतार एवढा खडा की हात पुढे केला तरी समोरच्या बर्फाला लागत होता. मध्यावर दोन काळ्या खडकांमध्ये एक खिंड होती. खिंडीच्या दोन्ही बाजूंना उतार तुटत होता आणि खाली नुसता कडा. वर जायचं, खाली यायचं, ते त्या खिंडीतूनच.

भोंगाने रुंदीचा अंदाज घेतला. "माझी बस निघेल इथून. आरसे मिटून."

मिस्त्रीण हसली नाही. टोपी सारखी करायला तिने हात वर केला, तर कानामागची पेन्सिल बर्फात पडली.

"अगं, डोंगरावरसुद्धा पेन्सिल?"

"सवय," मिस्त्रीण म्हणाली, आणि पेन्सिल उचलून पुन्हा कानामागे खोचली.

वरचा बर्फ कडक निघाला. पावलापुरती जागा खणत जावं लागलं, त्यात तासभर मोडला. माथ्यावर पोचल्या तेव्हा नऊ वाजायला वीस मिनिटं होती. माथा म्हणजे दोन जेवणाची टेबलं मावतील एवढी जागा. दोघींच्या मनात एक नियम होता, तो गावात लहानांनाही पाठ असतो: साडेनऊच्या आत मोठा उतार सोडायचा. त्यानंतर ऊन खडकांवर येतं, रात्रभर दगड धरून ठेवलेला बर्फ सैल होतो आणि वरून काय येईल ते सांगता येत नाही.

भोंगाने तिला मिठी मारली. "अजून रागावलीयस?"

"हो."

"खाली जाऊन रागाव. आधी चहा."

थर्मासमधला एकेक कप चहा झाला. खाली गाव काड्यापेटी सांडल्यासारखं दिसत होतं. भोंगाने स्की बर्फात ठेवल्या, टाचेच्या पकडी उतरणीसाठी फिरवल्या आणि हातमोज्याने त्यांच्यावरचा बर्फ झाडला. मिस्त्रीणीची नजर सवयीने ठिपके मोजत गेली. उजवी पुढची, चार लाल. उजवी मागची, चार लाल. डावी पुढची, चार लाल.

डावी मागची. चार पांढरे चकचकीत स्क्रू.

कचऱ्याचे डबे, मांजरं, उघडी बाटली, सगळं एकदम समोर आलं.

"पाय घालू नकोस."

"काय झालं?"

"घालू नकोस म्हटलं ना!"

ती गुडघ्यांवर बसली, हातमोजा काढला आणि पकड बोटांनी हलवून पाहिली. पकड हलली. दुधाचा दात हलावा तशी. खिशातला छोटा पेचकस काढून तिने स्क्रू आवळले. पुढचे दोन अर्धा फेरा गेले आणि धरले. मागचे दोन नुसतेच फिरत राहिले.

"मी हे आवळलेच नव्हते," ती म्हणाली. "गुरुवारी. फोनवरून आले आणि झालं असं समजून तुझ्या हातात स्की दिली. खाली एका वळणात टाच सुटली असती तुझी."

भोंगाने फिरणाऱ्या स्क्रूला एकदा बोट लावून पाहिलं. मग म्हणाली, "बोलत मी बसले होते."

"आवळायचे मला होते."

"बरं, भांडण खाली. आता काय करायचं? पथकाला फोन?"

फोनला रेंज नव्हती. चालत उतरायचं तर भोंगाच्या गुडघ्यासकट दोन तास, म्हणजे साडेदहा, अकरा; ऊन डोक्यावर आणि दगड पाठीवर. बूट स्कीला पट्ट्याने आवळून बांधला तर पट्टा तळाखालून जाणार आणि कडेची धार बर्फात रुतणार नाही. मिस्त्रीण एकेक पर्याय टेबलावर ठेवून बाजूला सारत होती. हात मात्र आपल्या कामाला लागले होते. तिने कानामागची पेन्सिल काढली, सुरीने तिच्या चार बारीक कपच्या काढल्या, फिरणारे दोन स्क्रू उपसले, भोकांत कपच्या ठासल्या आणि स्क्रू पुन्हा आवळले. या वेळी धरले.

"झालं की मग!"

"झालं नाही. लाकूड ओलं झालं की मऊ पडणार. वळणाचा झटका हे सोसणार नाही. दहा मिनिटं धरेल, की दोन, मला माहीत नाही." मग तिने स्वतःची डावी स्की काढून भोंगापुढे सरकवली. "ही तू घाल. तुझी डावी मी घालते."

"वेड लागलंय? स्की माझी आहे!"

"बूट एका मापाचे आहेत, बसेल. मी वळणं घेणारच नाही. डावा खांदा डोंगराकडे ठेवून आडवी घसरत जाईन. सगळा भार खालच्या पायावर, म्हणजे उजव्या. डावी नुसती टेकलेली."

"मग तेच मी करते."

"उजव्या पायावर? चारशे मीटर? तुझ्या त्या गुडघ्यावर?"

भोंगा हळू, म्हणजे तिच्या मानाने हळू, म्हणाली, "तुझी लेक आहे घरी. माझ्या घरी एक फ्रीज आहे आणि तोही आवाज करतो."

"गप बस गं." मिस्त्रीणीने सरकवलेल्या स्कीच्या पकडीचे आकडे भोंगाच्या वजनाप्रमाणे बदलायला घेतले. "तू पुढे हो. खिंडीच्या खाली, खडकाच्या आडोशाला थांब."

"आणि खिंड? ती सरळ खाली नाहीये. आपण तिरप्या चढलो. आडवी घसरत आलीस तर खिंड तुझ्या पाठीमागे राहील. तिकडे जायचं तर वळावं लागेल, आणि वळलीस की सगळा भार डावीवर."

मिस्त्रीणीचा पेचकस थांबला. हे तिच्याही लक्षात आलं होतं. "वळणार नाही. झाडाचं पान खाली येतं ना, थोडं पुढे, थोडं मागे, तसं यायचं. खिंडीकडे उलटी घसरत जाईन."

"न बघता?"

"मान किती मागे वळणार? न बघताच."

भोंगाने एकदा खाली खिंडीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. सकाळी सात वाजता बसमध्ये चढताना असतो तसा तो झाला.

"रिव्हर्स घ्यायचाय एवढंच ना? मग मी सांगेन तेव्हाच हलायचं, आणि 'बास' म्हटलं की जिथे असशील तिथे थांबायचं. मधे अक्कल चालवायची नाही."

"नाही चालवणार."

भोंगा निघाली. उजवी स्की तिची, डावी मैत्रिणीची, एक चार बोटं लांब आणि एक आखूड. अठ्ठावीस वर्षं ज्या वळणांची स्वप्नं पाहिली, ती तिने एकटीने घेतली, पण एकदाही आरोळी मारली नाही. सहा-सात वळणांत खिंड गाठली, तीतून सरकन पलीकडे गेली आणि खडकाच्या कडेला उभी राहून काठी वर केली.

मिस्त्रीणीने डावा पाय पकडीत घातला. खटका बसला. स्क्रूंकडे बघून ती मनात नवस वगैरे काही बोलली नाही. फक्त एवढं म्हणाली, "दहा मिनिटं धर रे." आणि घसरायला सुरुवात केली.

खरवडल्यासारखा आवाज येत होता. उजव्या स्कीची धार बर्फ सोलत होती, सोललेला बर्फ साखरेसारखा खाली ओघळत होता. उजवी मांडी पेटली. डावा पाय तिने तान्ह्या बाळासारखा सांभाळत आणला, टेकवायचा पण दाबायचा नाही. पन्नास मीटर. शंभर. एके ठिकाणी स्की कडक ढेकळावरून उडाली आणि डाव्या पायावर नको तेवढा भार आला. टाचेखाली काहीतरी करकरलं. ती थांबली. घाम डोळ्यांत उतरला. वरून एक दगड, लिंबाएवढा, टणटण करत तिच्या पुढून गेला आणि कड्यावरून नाहीसा झाला. त्याचा खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

आता खिंड बरोबर तिच्या पाठीमागे होती, वीसेक मीटर. समोर उतार, आणि तो संपतो तिथे आकाश.

"दिसतेस मला!" भोंगाचा आवाज आला. त्या अवाढव्य उतारावर, दोन कड्यांना आपटून, शाळेच्या अंगणात घुमावा तसा तो घुमला. "धार सैल कर. येऊ दे."

मिस्त्रीणीने घोटा केसभर ढिला केला. स्की मागे सरकू लागली. पाठीमागे काय आहे ते तिला दिसत नव्हतं, फक्त पुढचा बर्फ दूर जाताना दिसत होता.

"येऊ दे... येऊ दे... थोडं खाली दाब... येऊ दे..."

डाव्या टाचेखाली पुन्हा करकर.

"येऊ दे... बास!"

ती थांबली. मान वळवावीशी वाटत होती.

"मागे बघू नकोस! तोल जाईल. खडक तुझ्या मागे दोन हातांवर आहे. आता सरळ खाली. एक हात. खाली... खाली... बास. आता पुन्हा मागे. हळू. हळू म्हटलं ना, पोरं आहेत गाडीत! येऊ दे... येऊ दे... येऊ दे..."

खडकाची सावली तिच्या पायांवरून, मग हातांवरून, मग तोंडावरून सरकत गेली. थंड वाटलं. मग पुन्हा ऊन.

"निघालीस! आरसे उघड! ये आता खाली!"

खिंडीखालचा उतार रुंद आणि मऊ होता. तरी तिने बाजू बदलली नाही. तशीच आडवी, मांडीची लाही होईतो, अगदी सपाटी लागेपर्यंत घसरत आली. सपाटीवर थांबली. नऊ सत्तावीस. भोंगा तिच्याकडे येत होती, हसत होती की रडत होती ते गॉगलमुळे कळत नव्हतं.

मिस्त्रीणीने डावा पाय उचलला. पाय उचलला, टाच उचलली, आणि टाचेबरोबर पकडही उचलली गेली. चारही स्क्रू स्कीतून सुटून पकडीला लोंबत होते. एकाला पेन्सिलीच्या लाकडाची ओली कपची चिकटलेली होती.

"कधी सुटली?" भोंगाने विचारलं.

"माहीत नाही."

ढेकळावर सुटली, की खिंडीत, की आत्ता पाय उचलताना, ते दोघींनाही कधी कळलं नाही. गाडीपर्यंत मिस्त्रीण दोन्ही स्की खांद्यावर टाकून चालत आली आणि भोंगा तिच्या चालीने हळूहळू सरकत राहिली. त्या दीड तासात भोंगा एक शब्द बोलली नाही. मिस्त्रीणीलाच शेवटी राहवलं नाही. "बोल ना गं काहीतरी."

"नको," भोंगा म्हणाली.

घरी तिने सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. नवऱ्याने उठून पाणी आणलं आणि ते द्यायचं सोडून स्वतःच पिऊन टाकलं. लेक खाली मान घालून ऐकत होती. आईचं संपल्यावर तिने विचारलं, "मागचे दोन धरत नव्हते, म्हणजे पुढे झुकल्यावर पकड आधी मागून उचलली गेली असणार ना?"

मिस्त्रीणीने चमकून तिच्याकडे पाहिलं. पथकातला माणूस विचारेल असा तो प्रश्न होता. "हो," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "तुझ्या स्कीच्या पकडी कुणी बसवल्यात?"

"तूच. चार वर्षांपूर्वी."

"सोमवारी दुकानात आणून ठेव. सगळ्या काढून नव्याने बसवते. पथकात चालली आहेस तर जुन्या नकोत."

लेक उठून आत गेली आणि आतून बराच वेळ नाक शिंकरल्याचा आवाज येत राहिला.

सोमवारी दुकान उघडताच मिस्त्रीण मालकांसमोर उभी राहिली आणि झालं ते सांगितलं. गुरुवारच्या कामाच्या सगळ्या चिठ्ठ्या काढून तिने आठ घरी स्वतः फोन केले, ठिपके मोजायला लावले. सगळीकडे सोळाच्या सोळा होते. मालक म्हणाले, "चोवीस वर्षांत पहिली चूक. एवढं काय मनाला लावून घेता?"

"पहिली दिसली, एवढंच म्हणा."

संध्याकाळी लेकीच्या स्की टेबलावर आडव्या झाल्या. भोंगा शेवटची फेरी संपवून आली आणि स्टुलावर बसली. खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसत होते, पायांच्या वर तो उतार. मिस्त्रीण त्याकडे न बघता काम करत होती. भोक. गोंदाचा थेंब. स्क्रू. हाताने पाव फेरा. लाल ठिपका. एक स्की झाली, दुसरी अर्धी झाली. भोंगाने दोन वेळा श्वास घेतला, दोन वेळा ओठ मिटले. तिसऱ्यांदा तिने तोंडावर हातच ठेवला.

टाचेच्या पकडीचा तिसरा ठिपका पडला, तेव्हा बोटांच्या फटीतून आवाज आला, "आता बोलू?"

"थांब," मिस्त्रीण म्हणाली. "अजून एक राहिलाय."